उपेक्षित वस्तीत आर्किटेक्चर कॉलेज: थीसिस तळमजल्यापासून सुरू करा

बंद गिरण्यांच्या किंवा जुन्या गोदीच्या भागात आर्किटेक्चर कॉलेज, असा थीसिसचा विषय घेणाऱ्यांनी पहिली केस स्टडी फ्रान्समधल्या नांत शहराची करावी. तिथल्या ल्वार नदीतल्या बेटावरचं जहाजबांधणीचं काम १९८७ मध्ये बंद पडलं. त्याच बेटावर लाकातों आणि वासाल या फ्रेंच आर्किटेक्टांनी बांधलेली आर्किटेक्चरची शाळा २००९ मध्ये उभी राहिली.

फोटो नंतर बघा, आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढा. मुख्य सांगाडा काँक्रीटचा. पहिला मोठा स्लॅब जमिनीपासून ९ मीटरवर, दुसरा १६ मीटरवर, त्यावर गच्ची. मधले मजले हलक्या स्टीलचे, म्हणून पुढे बदलता येतात. बांधकाम साधं आणि स्वस्त ठेवल्यामुळे, मागितलेल्या जागेखेरीज हजारो चौरस मीटर जास्तीची जागा मिळाली. तिचा वापर आधी ठरवलेला नाही. या इमारतीतलं खरं शिकण्यासारखं हेच.

विद्यार्थी मात्र तिथला बाहेरचा रॅम्प आणि पॉलिकार्बोनेटची (उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकची) भिंत तेवढी उचलतात. नांतच्या थंडीत ऊब देणारी ती भिंत मुंबई-नागपुरात भट्टी होईल. इथे खोल व्हरांडा आणि जाळी हवी. उत्तरेच्या खिडक्यांनाही उभे फिन (सावलीच्या पट्ट्या) द्या, कारण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन उत्तरेकडून येतं; मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. रॅम्पचं गणितही आधी करा: १:१२ उताराने ९ मीटर चढायला १०८ मीटर लांबी लागते, विश्रामाचे टप्पे वेगळे. छोट्या प्लॉटवर तळमजला त्यातच संपतो.

आणि वस्तीशी नातं जोडायचं ते तळमजल्यावरच. साइटवर कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी आणि एकदा रविवारी जा. लोकांच्या पायवाटा, टपऱ्या, बसायचे ओटे १:५०० च्या नकाशावर मांडा. रोजची पायवाट कंपाउंड वॉलने तोडलीत तर पुढचं सगळं डिझाइन फुकट. लाकूडकामाची वर्कशॉप रस्त्याच्या बाजूला ठेवा: टेम्पो थेट दारात लागतो, काम बाहेरून दिसतं आणि आवाज स्टुडिओपासून लांब राहतो. भुशासाठी वेगळा एक्झॉस्ट दाखवायला विसरू नका.

स्टुडिओला दर विद्यार्थी साधारण ४ चौ. मी. धरून पुढे जा. वेळ द्या तो कुलपाच्या रेषेला, म्हणजे लोकांसाठी उघडा आणि कुलूपबंद भाग जिथे वेगळे होतात त्या रेषेला. रात्री आठनंतर कुठलं दार बंद होतं, कुठलं उघडं राहतं, ते प्लॅनवर लाल पेनाने काढा. परीक्षकांची जुरी हे हमखास विचारते. वाचनालय आणि प्रदर्शनाची जागा लोकांसाठी उघडी ठेवली, पण स्वच्छतागृह, पाणी आणि जिना रेषेच्या आत अडकले, ही चूक फार वेळा दिसते. मग वॉचमन पहिल्याच महिन्यात सगळ्यालाच कुलूप लावतो.