ॲझो-सायलॉक्सेन करताय? आधी खिडकी झाका

उजेड पडला की आकार बदलणारं सिलिकॉनचं कंपाउंड (सायलॉक्सेन, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी) करायचं असलं तर ॲझोबेंझिनवालं घ्या (दोन बेंझिन रिंगा, मधी नायट्रोजन-नायट्रोजनचा डबल बाँड), एकतर सामान कोणत्याबी डिपार्टमेंटला मिळतं अन रंग नारंगी असतो म्हणून काय चाललंय ते डोळ्यानंच दिसतं. सगळं लॅबमधीच, वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली, ग्लोव्ह्ज घालून. ॲनिलिन कातडीतून पण अंगात जातं.

पहिलं काम बर्फाचं. मे महिन्यात नांदेडला ४२ डिग्रीत ट्रेमधला बर्फ दहा मिनिटं टिकत नाही, मी रसवंतीवाल्याकडनं लादी आणली अन वर मीठ टाकलं. १.८६ ग्रॅम ॲनिलिन, पाणी अन ५ मिली कॉन्क एचसीएल (तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड), त्यात १.४५ ग्रॅम सोडियम नायट्राइट पाण्यात विरघळवून थेंब थेंब, ५ डिग्रीच्या वर गेलं की नायट्रोजनचे बुडबुडे निघतात अन माल गेला समजा. यातनं होतं ते डायझोनियम सॉल्ट वाळवून बघायच्या भानगडीत पडू नका, फुटतं ते. लगेच १.८८ ग्रॅम फिनॉलच्या कॉस्टिक घातलेल्या थंड सोल्युशनमधी ओता, पीएच ९-१० ठेवा, शेवटी ॲसिड टाकून गाळा, भरपूर धुवा. ॲनिलिन मागं राहिलं तर पुढं लागणारं प्लॅटिनमचं कॅटॅलिस्ट मरतं.

मग गाळून वाळवलेला तो नारंगी माल १.९८ ग्रॅम, १.४५ ग्रॅम अलाइल ब्रोमाइड (डोळ्यातनं असं पाणी काढतं की कांदा परवडला), २.८ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, ॲसिटोनमधी ६-८ तास रिफ्लक्स (उकळत ठेवायचं, वाफ कंडेन्सरमधी थंड होऊन परत खाली). कंडेन्सरला नळ सोडून ठेवायची आपल्याकडं सोयच नाही, बादलीत बर्फाचं पाणी अन कूलरचा पंप, मस्त चालतं.

आता सिलिकॉन. ट्रायइथॉक्सीसायलेन घेऊ नका, डोळ्यांना लई घातक अन ओलाव्यानं जेल होतं. हेप्टामिथिलट्रायसायलॉक्सेन बरं. अलाइलवालं २.३८ ग्रॅम कोरड्या टोल्युइनमधी, कार्स्टेट कॅटॅलिस्टचे (तेच प्लॅटिनमवालं) दोनतीन थेंब, ६०-७० डिग्री, मग सायलॉक्सेन २.४५ ग्रॅम हळूहळू, कारण गरम होतं एकदम. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममधी २१५० जवळचा सिलिकॉन-हायड्रोजनचा पीक गेला की झालं.

इथंच मी फसलो. टीएलसीला (प्लेटवर माल चढवून शुद्ध आहे का बघायची टेस्ट) दोन ठिपके, एक वर एक खाली, कॉलम करून वेगळे केले तरी दुसऱ्या दिवशी परत दोन, परत कॉलम, परत दोन. अर्धा लिटर हेक्झेन गेलं. मग सरांनी फ्लास्क बघितला, तो खिडकीत ठेवलेला. खालचा ठिपका इम्प्युरिटी नव्हता, त्याच मॉलेक्युलचा वाकडा आकार म्हणजे सिस होता, उन्हानं सरळ आकाराच्या ट्रान्सचा केलेला, सिस पोलर म्हणून कमी चढतो. फॉइल गुंडाळून रात्रभर अंधारात ठेवलं तर तो बारीक झाला.

माल उजेडानं बदलतो का याची टेस्ट पण तीच. पातळ सोल्युशनवर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टाका, ३५० जवळचा पीक बसतो अन ४४० चा थोडा वर येतो, निळ्या एलईडीखाली धरलं की बराचसा परत. अन एनएमआर स्पेक्ट्रम काढताना टीएमएस (शून्य दाखवायला घालतात ते टेट्रामिथिलसायलेन) घालू नका, तुमचे सिलिकॉनवरचे मिथिल पण शून्याजवळच येतात.