स्मार्ट नसलेल्या टीव्हीवर इंटरनेटवरील व्हिडिओ कसे पाहावेत?

केवळ ‘स्मार्ट’ नाही म्हणून चांगला चालणारा टीव्ही बदलणे मला पटत नाही. आधी त्याची मागची बाजू पाहावी. तिथे ‘एचडीएमआय’ लिहिलेले चपटे, खालच्या बाजूला निमुळते होणारे पोर्ट असेल तर काम सोपे आहे. जुन्या डबा टीव्हीला लाल, पांढरी आणि पिवळी पिन लावायची सोय असल्यास एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लागतो, मात्र त्यावर चित्र तितके स्पष्ट दिसत नाही.

घरात एचडीएमआय पोर्ट असलेला लॅपटॉप असेल तर एक केबल पुरते. ती जोडून रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने तेच पोर्ट निवडावे. लॅपटॉप विंडोजचा असल्यास विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे.

रोज पाहायचे असेल, तर फायर टीव्ही स्टिकसारखे, एचडीएमआय पोर्टात खोचून इंटरनेटवरील व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारे छोटे उपकरण घेणे मला अधिक सोयीचे वाटते. ते जोडताना वीजपुरवठ्याकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्याकडे वायरींचा पसारा नको म्हणून स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टात खोचली होती, आणि ऐन रंगात आलेला कार्यक्रम सोडून ती पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होत असे. यूएसबी २.० पोर्टमधून साधारणपणे ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर, म्हणजे जेमतेम २.५ वॅट वीज मिळते, आणि तेवढी स्टिकला पुरेलच असे नसते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावल्यापासून तो त्रास थांबला.

त्यानंतर स्टिक वाय-फायला जोडावी. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. मध्ये भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झचे अधिक दूर पोहोचते. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस वेग सुचवते. या वेगाने तासाला सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो, त्यामुळे रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकच्या हॉटस्पॉटवर चित्रपट लावल्यास डेटा मध्यंतराच्या आसपासच संपेल. अशा वेळी ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा ४८०पी, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी, करावा.

फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवताना स्क्रीन मिररिंगऐवजी, सोय असेल तिथे, ॲपमधले ‘कास्ट’चे चिन्ह वापरावे. मिररिंगमध्ये फोनला आपला संपूर्ण पडदा सतत पाठवत राहावे लागते, तर कास्ट केल्यावर टीव्हीला जोडलेले उपकरण व्हिडिओ थेट इंटरनेटवरून घेते आणि फोन इतर कामांना मोकळा राहतो. त्यासाठी फोन आणि ते उपकरण एकाच वाय-फायवर असावे लागतात. चिन्ह दिसत नसेल तर आधी तेच तपासावे.