मिनी-ग्रिडमध्ये दम नाही? आधी पॅनेलकडे बघू नका, या चुका टाळा

"लाइन त आली भाऊ, पण तिच्यात दमच नाई."

धारणी तालुक्यातल्या एका गावात मिनी-ग्रिड, म्हणजे गावापुरती सौर वीजव्यवस्था, होती, पण टोकाच्या घरी पंखा फिरत नव्हता, नुसता डोलत होता. गावकऱ्यांनी त्या आठवड्यात पॅनेलं तीनदा पुसली होती. पॅनेलं चकाचक होती. मीटर लावला तर घरात 180 व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी 230. म्हणजे 50 व्होल्ट वाटेतच कुठेतरी मुरत होते.

मेळघाटात काय किंवा भामरागडकडे काय, वीज मंद झाली की सगळ्यांचा पहिला संशय पॅनेलवर जातो. खरं तर पॅनेल हा या सगळ्या संसारातला सर्वात गरीब प्राणी. बिघाड बहुतेक वेळा तारेत, बॅटरीत नाहीतर वहीतल्या हिशेबात असतो.

तारेची काटकसर

त्या गावात 600 मीटरवरच्या वस्तीला 16 चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल टाकली होती. पंखे, टीव्ही आणि एका घरची पाण्याची मोटर मिळून 10 अँपिअर ओढले की जाण्यायेण्याच्या तारेतच 23 व्होल्ट पडतात. 35 चौरस मिलिमीटरची केबल असती तर 10-11 व्होल्टवर भागलं असतं. उरलेले व्होल्ट एका सांध्यानं खाल्ले होते. कोणीतरी तांब्याची तार अॅल्युमिनियमला हातानं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडली तर आतला सांधा कोळशासारखा काळा. तांबं आणि अॅल्युमिनियम थेट जोडू नका, पावसाळ्यात तो सांधा गंजतोच. बायमेटल लग (एका टोकाला तांबं, दुसऱ्या टोकाला अॅल्युमिनियम असलेला जोड) लावा, तो दाबयंत्रानं घट्ट दाबून (क्रिंप) घ्या. आणि व्होल्टेज नेहमी शेवटच्या घरात, संध्याकाळी आठला मोजा. दुपारी खांबाजवळ मोजलेल्या व्होल्टेजला काही अर्थ नाही.

हिवाळ्यात केलेला सर्व्हे

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. जानेवारीत माणसं येतात, घरोघरी विचारतात, "किती बल्ब पाहिजे?" पंख्याचा विषयच निघत नाही, कारण सगळे शेकोटीपाशी बसलेले असतात. मग एप्रिल लागतो आणि आठवडी बाजारातून घरोघरी पंखा येतो.

40 घरांचा हिशेब करून बघा. घरी 9 वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे सगळ्या गावाचे रात्रीला साडेपाच युनिट. त्यात प्रत्येक घरी 75 वॅटचा साधा पंखा आठ तास चालला की आणखी 24 युनिट. 10 किलोवॉटचा प्लांट आपल्याकडे चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 40 युनिट करतो. बॅटरी-इन्व्हर्टरमधली घट जाऊन 30 हाती लागले तरी पुष्कळ. वरवर हिशेब जुळल्यासारखा दिसतो. पण पंखे रात्री चालतात आणि रात्र बॅटरीवर निघते. 48 व्होल्ट, 600 अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बँकेत 29 युनिट मावतात. ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला जेमतेम 14. मोहाच्या दिवसांत बायाबापड्या पहाटे चारला उठून वेचायला निघतात, नेमका तेव्हा अंधार होतो तो यामुळे.

उपाय दोनच. गावच्या वीज समितीनं 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे एकगठ्ठा आणून हप्त्यानं द्यायचे. मग रात्र 15 युनिटांत ओढूनताणून बसते. नाहीतर घरटी रोजच्या युनिटची मर्यादा असलेला मीटर लावायचा. "समजुतीनं वापरा" असं ग्रामसभेत सांगून मे महिन्यात कोणी पंखा बंद केलेला मी पाहिला नाही, आणि मी तिथं राहत असतो तर मीही केला नसता.

साग बघितला, पानं नाही बघितली

उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, सगळीकडे ऊनच ऊन दिसतं. तिथंच पॅनेलं बसवली की जुलैत त्याच सागाला सुपाएवढी पानं येतात. शिवाय डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच चढतो. दक्षिणेला 10 मीटरचं झाड असेल तर दुपारी त्याची सावली 10 मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. एका पॅनेलवर सावली आली की ती अख्खी रांग ढिली पडते. झाड तोडणं हा वनजमिनीवर सोपा उपाय नाही, तेव्हा जागाच नीट निवडा. जागेसाठी वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) वाचून ठेवा. अपारंपरिक ऊर्जेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते. हा ठराव आधी करायचा असतो. खड्डे खणून झाल्यावर ठरावासाठी धावणारे लोक मी पाहिले आहेत.

बॅटरीला हापशीचं पाणी

हापशीच्या पाण्यात क्षार असतात, त्यानं प्लेटा मरतात. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन कायम शिल्लक ठेवा आणि पाणी चार्जिंग झाल्यावर भरा. आधी तोंडापर्यंत भरलं तर अॅसिड उतू जातं. महिन्यातून एकदा हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजणारी नळी) बुडवा: पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत आकडा 1.240 च्या आसपास हवा. सगळे सेल 1.235 दाखवत असताना एकच 1.190 वर असेल तर रोग तिथं आहे, अख्खी बँक बदलायची घाई नको.

बॅटरीची खोली पत्र्याची करू नका. तापमान 10 अंशांनी वाढलं की लेड-अॅसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि विदर्भाचा मे सांगायला नको. कौलारू छप्पर, समोरासमोर झरोके. आत बिडी अजिबात नाही, चार्जिंगला हायड्रोजन निघतो.

गिरणी आणि एमसीबी

गिरणीची 5 एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट ओढते. इन्व्हर्टर ट्रिप होतो, ऑपरेटर पुन्हा चालू करतो, पुन्हा ट्रिप. तिसऱ्या वेळी थांबा. गिरणीला व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारी यंत्रं) लावा आणि दळण दहा ते तीनमध्येच उरका. एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडते म्हणून तिच्यावरून जाड तार मारणाऱ्याच्या हातून पेटी काढून घ्या.

अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात बादलीभर पाणी ओतत जा, कारण वळवाच्या विजा येतात तेव्हा जमीन कोरडीच असते. सर्ज प्रोटेक्टरची (विजेच्या झटक्यापासून यंत्रं वाचवणाऱ्या डबीची) खिडकी हिरवीची लाल झाली की तो संपला.

वर्गणीची तारीख

दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागाल तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल, माणसं कामाला बाहेर गेलेली असतात. कोरकू घरं होळीला परततात, तेंदूचे पैसे उन्हाळ्यात येतात. वसुली त्या बेतानं ठेवा. त्यातला बॅटरी बदलण्याचा वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात टाका, तो दिवाबत्तीच्या किरकोळ खर्चात मिसळला की उरत नाही.

बिघाड झाल्यावर मेकॅनिकला नुसतं "लाइट गेली" कळवू नका. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचा कोड, बॅटरीचं व्होल्टेज आणि बंद पडल्याची वेळ वहीत लिहा, फोटो काढा. नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागणारच आहे, फोटोसाठी पुन्हा उतरावं लागू नये.