इंग्रजी इडियम्स हिंदी अर्थावरून पाठ करत असाल तर हे वाचा (एसएससीचा माझा अनुभव)

एसएससी सीजीएलची (दहावीची एसएससी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची, केंद्र सरकारी नोकरीची परीक्षा) तयारी नुकतीच सुरू केलेल्या आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. ग्रामर, पॅसेज, क्लोज टेस्ट (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरणे) यावर सांगणारे भरपूर आहेत, मी फक्त इडियम्सबद्दल, म्हणजे वाक्प्रचारांबद्दल बोलणार, कारण माझं जवळपास वर्षभर तिथेच चुकीच्या पद्धतीत गेलं आणि ती पद्धत चुकीची आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.

माझी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे तालुक्याचं हायस्कूल, मग बीएस्सी. त्यानंतर पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसायचं ते रात्री मेसची वेळ होईपर्यंत. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड आणली. आता या परीक्षेची बहुतेक पुस्तकं हिंदी भाषिक मुलांना समोर ठेवून लिहिलेली असतात, एका ओळीत इडियम, पुढे इंग्रजी अर्थ आणि त्याच्यापुढे हिंदी अर्थ. आपल्याला वाटतं हिंदी तर येतंच की, लहानपणापासून टीव्हीवर ऐकतोय, मग इंग्रजी अर्थ न वाचता डोळा सरळ हिंदी रकान्यावर जातो आणि तिथेच घात होतो.

कसा ते सांगतो. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' याच्यापुढे लिहिलेलं होतं 'हर संभव चेष्टा करना'. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे मस्करी. मी कितीतरी दिवस हा इडियम 'एखाद्याची जमेल तेवढी टिंगल करणे' असा डोक्यात घेऊन फिरत होतो. तसंच 'टेक एक्सेप्शन टू', पुढे लिहिलेलं 'आपत्ति करना'. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, संकट. 'अ फेदर इन वन्स कॅप' म्हणजे 'गर्व की बात', आणि आपण मराठीत गर्व शब्द चांगल्या अर्थाने सहसा वापरत नाही, गर्वाचं घर खाली म्हणतो, त्यामुळे तो इडियम मी घमेंडीचा म्हणून पाठ केला. आणि 'ईट हम्बल पाय' याच्यापुढे 'अभिमान छोड़कर माफ़ी माँगना' असं होतं. हिंदीत गर्व चांगला आणि अभिमान वाईट, आपल्याकडे बरोबर उलटं. ही जोडी एकदा नीट समजून घ्या, पुढे पॅसेज वाचतानाही उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठा दणका बसला तो 'पुल समवन्स लेग' मध्ये. पुस्तकात अर्थ होता 'टाँग खींचना', मी मनात म्हटलं पाय ओढणे, सोपंय. आता मराठीत पाय ओढणे म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे, खेकड्यांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला, चार पर्यायांत एक होता गंमत करणे आणि एक होता दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आणणे. मी अजिबात न अडखळता अडथळ्यावर टिक केलं. बरोबर उत्तर गंमत करणे, म्हणजे आपल्या भाषेत फिरकी घेणे. त्या दिवशी रूमवर येऊन मी जुन्या सगळ्या टेस्टमधले चुकलेले इडियम्स एका कागदावर काढले आणि बघितलं तर जवळपास अर्ध्या चुका अशाच होत्या, म्हणजे पाठ केलं नव्हतं म्हणून नाही, पाठ केलेलंच चुकीचं होतं म्हणून.

टियर वनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० मार्क, चुकलं की अर्धा मार्क कट. त्यात इडियम्सवर साधारण दोन-तीन प्रश्न असतात. टियर टूमध्ये इंग्रजीचे ४५ प्रश्न आणि प्रत्येकी ३ मार्क, तिथे चुकलं की पूर्ण एक मार्क जातो. इडियमचा प्रश्न येत असेल तर दहा सेकंदात सुटतो आणि वाचलेला वेळ पॅसेजला मिळतो, म्हणून याला हलक्यात घेऊ नका.

मग मी काय केलं तर दोनशे पानी वही घेतली आणि हिंदी रकान्यावर पट्टी ठेवून फक्त इंग्रजी अर्थ वाचायला लागलो. प्रत्येक इडियमसाठी आधी स्वतःला विचारायचं की हेच माझी आई किंवा आजी कसं म्हणाली असती? तुम्हाला खोटं वाटेल पण निम्म्याहून जास्त इडियम्सना आपल्या घरात शब्द तयार असतो. 'स्मेल अ रॅट' म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे बिंग फोडणे. 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे रात्रीचा दिवस करणे. 'लीव्ह इन द लर्च' म्हणजे वाऱ्यावर सोडणे, 'टर्न अ डेफ इअर' म्हणजे कानाडोळा करणे, 'अ‍ॅपल ऑफ वन्स आय' म्हणजे गळ्यातला ताईत. आणि 'हँड इन ग्लव्ह' साठी तर साटंलोटं हा इतका फिट्ट शब्द आहे की तो सापडल्यावर मला खरंच आनंद झाला होता, कारण इंग्रजी इडियममध्ये दोघांचं आतून काहीतरी जमलेलं आहे असा जो वास येतो तोच साट्यालोट्यात येतो. असा शब्द एकदा सापडला की तो इडियम परत पाठ करावा लागत नाही.

काही तर आपल्याकडे जसेच्या तसे आहेत, आगीत तेल ओतणे, मांजराच्या गळ्यात घंटा, नक्राश्रू, पांढरा हत्ती, पेल्यातलं वादळ, टांगती तलवार. हे एका दिवसात उरकून टाका, त्यावर वेळ घालवू नका.

ज्यांना मराठी जोड मिळत नाही त्यांचं चित्र डोळ्यासमोर आणायचं. 'डॉग इन द मॅन्जर' घ्या. मला मॅन्जर हा शब्दच माहीत नव्हता, मी महिनाभर ते मॅनेजर वाचत होतो. डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं, मॅन्जर म्हणजे गव्हाण! आमच्या गोठ्यातली गव्हाण, त्यात कडबा टाकलेला, बैल दावणीला उभा आणि त्या कडब्यावर कुत्रं बसलंय, ते स्वतः कडबा खात नाही आणि बैल तोंड घालायला गेला की गुरगुरतं. एवढं दिसलं की संपलं. त्याच्याखाली मी माझं वाक्य लिहिलं, आमच्या बांधाला लागून एकाची विहीर आहे, तो स्वतः मोटर टाकत नाही आणि दुसऱ्याला पाइप टाकू देत नाही, त्याच्यावरचं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं पण चालतं, वाक्य आपल्या ओळखीच्या माणसाचं पाहिजे, पुस्तकातल्या रामचं नको.

काही इडियम्सच्या मागे इतिहास असतो आणि तिथे पाठांतर करणं म्हणजे डोक्यावर उगाच भार. 'हॉब्सन्स चॉइस' मध्ये भलेभले फसतात, पर्यायात 'अवघड निवड' दिलेलं असतं आणि तेच बरोबर वाटतं. थॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा घोडे भाड्याने देणारा माणूस, १६३१ मध्ये वारला. त्याचा नियम असा की तबेल्याच्या दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच घ्यायचा, नाहीतर चालत जा, म्हणजे चांगला घोडा सारखा सारखा जुंपला जाऊ नये. म्हणजे अर्थ अवघड निवड नाही, निवडच नाही. 'क्रॉस द रुबिकॉन' म्हणजे इसवी सन पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझर फौज घेऊन रुबिकॉन नदी ओलांडून आला, आता माघार नाही. आणि 'मीट वन्स वॉटर्लू', १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियन हरला तो परत उठला नाही. हा मला एका क्षणात लागला कारण आपण म्हणतोच ना, निवडणुकीत अमक्याचं पानिपत झालं. १७६१ चं पानिपत, आणि मी राहत होतो ती पेठ त्याच पानिपतात पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाची. वहीत मी फक्त 'वॉटर्लू = पानिपत' एवढंच लिहिलं, बाकी काहीच नाही, आणि आजपर्यंत विसरलो नाही.

रोज किती करायचे? मी दहा करायचो, त्याहून जास्त नाही. सकाळी दहा नवीन, रात्री मेसला जाताना तेच दहा तोंडी, आणि रविवारी आठवड्याचे सगळे उलट्या बाजूने, म्हणजे मराठी झाकून इंग्रजीवरून मराठी नाही, तर इंग्रजी झाकून मराठीवरून इंग्रजी. हे उलटं करणं फार महत्त्वाचं आहे कारण तेव्हाच कळतं की शब्द नेमका कुठला होता. 'स्पिल द बीन्स' (गुपित फोडणे) चं 'स्पिल द बीन' होत नाही, इडियममधला शब्द आपल्या मनाने बदलता येत नाही. ए टू झेड याद्या हजार-हजारच्या मिळतात, त्या डाउनलोड करून ठेवायचा मोह टाळा, आधी एसएससीचे मागच्या वर्षांचे पेपर घ्या, तेच तेच इडियम्स फिरून येतात हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता पोस्टिंग मुंबईला आहे, रूम पार्टनर बिहारचा, त्याचा धाकटा भाऊ गावी याच परीक्षेची तयारी करतोय. एकदा माझी वही चाळताना पार्टनर 'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' वर थांबला, तिथे मी मराठी काही लिहिलेलं नव्हतं, कारण मला नेमकी म्हण सापडलीच नव्हती, फक्त टीप होती की न्यूकॅसल हे कोळशाच्या खाणींचं गाव, तिथूनच कोळसा जहाजाने लंडनला जायचा, मग तिथे कोळसा नेण्यात काय अर्थ. तो लगेच म्हणाला, अरे ये तो 'उल्टे बाँस बरेली को' है! बरेली बांबूसाठी प्रसिद्ध, त्या शहराला बाँस बरेलीच म्हणतात, तिकडे कोण बांबू घेऊन जाणार. कोळशाच्या जागी बांबू ठेवला की झालं, गावासकट सगळं जुळतं. मग त्याने 'अ ड्रॉप इन द ओशन' काढलं, म्हणाला आमच्याकडे 'ऊँट के मुँह में जीरा', मी म्हटलं आमच्याकडे दर्यामें खसखस. आणि 'स्मेल अ रॅट' ला त्यांच्याकडे डाळीत काही काळं असतं, आपल्याकडे पाणी मुरतं.

तेव्हा मला कळलं की पुस्तकातला हिंदी रकाना त्याच्या भावालाही नीट उपयोगी पडत नव्हता, कारण तिथेही कोरडा अर्थच असतो, घरातली म्हण नसते. 'हर संभव चेष्टा करना' वाचून त्याला अर्थ बरोबर कळायचा पण आठवायचं नाही. आता रोज रात्री जेवण झालं की आम्ही वही घेऊन बसतो, माझ्या मराठीच्या शेजारी तो पेन्सिलने हिंदी म्हण लिहितो आणि पानाचा फोटो काढून भावाला पाठवतो. न्यूकॅसलसमोरची माझी जागा अजून रिकामी आहे, तुमच्या आजीकडे काही असेल तर नक्की सांगा.