ऐतिहासिक हिंदी सिनेमा करताय? मग निदान या चुका टाळा

मी लष्करात राहते, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, तिचंच पुढे शहर झालं. गेली अठरा वर्षं शूटिंगवाले मला ‘मराठी गोष्टीं’साठी बोलावतात. नऊवारी नेसवायची, मोडीत पत्रं लिहून द्यायची, नटांचे उच्चार घासून घ्यायचे. बहुतेक पटकथा १८५७ च्या असतात आणि बहुतेक दिग्दर्शकांना एकच हवं असतं: जाणकारांनी मान डोलवावी आणि थिएटरही भरावं. मला हा सिनेमा मनापासून आवडतो. १९७८ चा ‘जुनून’ मी वडिलांबरोबर पाहिला. निर्माता शशी कपूर, दिग्दर्शक श्याम बेनेगल, विषय सत्तावनचाच. तेव्हापासून मला वाटत आलंय की हे दोन्ही एका पडद्यावर नांदू शकतं.

बिघडतं कुठे, तर कामाची वाटणी करताना. तपशील जाणकारांसाठी, गाणी आणि रडणं पब्लिकसाठी, अशी वाटणी पहिल्याच बैठकीत होते. मग वेळ कमी पडला की तपशील आधी कापला जातो. वर एक वाक्य ठरलेलं: “लोकांना काय कळतंय?”

पत्र

यावर मी सगळ्यात जास्त भांडले आहे. एका चित्रपटात लढाईवर गेलेल्या सरदाराचं पत्र घरी येतं आणि त्याची बायको ते वाचून कोसळते. मी चार दिवस आधी म्हटलं, पत्र मोडीत लागेल, मला हातकागद आणि एक दुपार द्या. उत्तर आलं, “काकू, दोन सेकंदांचा शॉट आहे.” सेटवर आलं ते कॉम्प्युटरवर छापलेलं देवनागरी, चहात बुडवून पिवळं केलेलं. सुरुवात ‘आदरणीय’ने, मधे स्वल्पविराम आणि शेवटी चक्क हिंदीची खडी पाई, म्हणजे पूर्णविरामाची उभी रेघ.

नटी रंगभूमीवर वाढलेली होती. सात टेक झाले, तिला काही रडू येईना. ती म्हणाली, “ताई, माझ्या हातात वाण्याचं बिल दिल्यासारखं वाटतंय.” मग धावपळ. जेवणाच्या सुट्टीत मला लिहायला बसवलं. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्दांत अंतर सोडायचं नाही. वर मधोमध ‘श्री’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. हे घाईत होत नाही. शाई ओली राहिली, असिस्टंटने ती हेअर ड्रायरने वाळवली आणि कागद पापडासारखा वळला. दुसरा लिहिला. या खेपेला कोणाला तरी बाहेरून बारीक वाळू चाळून आणायला लावली आणि ओल्या अक्षरांवर टाकून झटकली. जुने कारकून असंच करत. अडीच तास गेले. तेवढा वेळ लाइटचं भाडं चालू होतं. मजकूर मी नटीला आधी वाचून दाखवला. तिला मोडी येत नव्हती, पण डोळे त्या रेघेखालून चालायला लागले आणि पहिल्याच टेकला काम झालं.

आणि खरी चूक याच्या आधीची होती, ती आम्हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. त्या काळी बहुतेक घरांत बायकांना लिहायला-वाचायला शिकवत नसत. राण्या, मोठ्या घराण्यांतल्या काही जणी शिकलेल्या असत, पण या सरदाराच्या बायकोला पत्र कोण वाचून दाखवणार? घरचा कारकून. तो पत्र हातात घेणार, नेहमीच्या सुरात मायना म्हणत पुढे जाणार आणि एका ओळीवर अडखळणार. ती पडद्याआड बसून ऐकणार, आणि तो का थांबला हे तिला त्या शांततेतच कळणार. पुढे कॉलेजच्या मुलांच्या एका लघुपटात मी हा प्रसंग असाच करायला लावला. दाखवला तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. धंद्याच्या सिनेमाला लागणारं रडणं त्या तपशिलातच होतं. म्हणून माझी सवय अशी: पटकथा हातात आली की आधी प्रत्येक पत्र, प्रत्येक निरोप शोधते आणि विचारते, हे कोणी लिहिलं, कोणी वाचलं, ऐकताना कोण कुठे बसलं होतं?

शिवलेली नऊवारी

चेन लावलेली तयार नऊवारी मला सेटवर दिसली की मी ती बाजूला ठेवते. नाचाच्या कार्यक्रमाला ठीक आहे. पण शिवलेला काष्टा हलत नाही, आणि नेसलेला काष्टा बाईबरोबर हलतो. पायरी चढताना ती ओचा सावरते, कामाला लागताना पदर कमरेला खोचते, बसताना निऱ्या गुडघ्याखाली घेते. या हालचालींतच बाई कोणत्या घरातली, किती घाईत, किती घाबरलेली हे दिसतं.

एकदा घोड्यावर चढायचा शॉट होता. शिवलेल्या साडीची शिवण पहिल्याच प्रयत्नात मांडीपाशी उसवली. मग मला हाका. नऊ वार नेसवायला फारसा वेळ लागत नाही, पण त्या मुलीने आयुष्यात काष्टा घातला नव्हता. तिला चालता येईना, ती दर दोन पावलांनी मागे चाचपून बघायची. घोडा राहिला बाजूला, त्या दिवशी तिचं चालणंसुद्धा चित्रित झालं नाही.

आता मी शूटिंगच्या आठ दिवस आधी जाड सुती नऊवारी नटीच्या खोलीवर पाठवते. ती नेसून जेवायचं, जिना चढायचा, जमिनीवर बसून उठायचं. तिसऱ्या दिवशी हात मागे जायचा थांबतो. चंदेरी दरबाराच्या प्रसंगाला. धावपळीला सुतीच, चंदेरी सुळसुळते. ज्यांना आठ दिवस नाहीत त्यांना मी नाही म्हणते. शिकाऊ मुलांना माझा राग येतो, पण ज्या गोष्टीला आठ दिवस लागतात तिला आठ दिवसच लागतात.

वास्तू

शिंद्यांचा जयविलास महाल १८७४ मध्ये बांधून झाला. तिथे १८५८ मधले जयाजीराव शिंदे उभे करू नका, कितीही देखणी फ्रेम मिळाली तरी. त्या जूनमध्ये बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतलं तेव्हा जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले होते आणि या महालाची वीटही रचलेली नव्हती. महाराज बाड्यावरच्या, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकातल्या, युरोपीय थाटाच्या इमारतीही बहुतेक नंतरच्या. किल्ला आहे, मानसिंह तोमरांचा महाल आहे. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचे कागद मात्र वेळेत करा. ऐन वेळी धावाधाव करून मिळत नाहीत.

गाणं

गाणं घालू नका असं मी कधीच म्हणणार नाही, तेही ख्यालाच्या गावात राहून. ‘जुनून’मध्येही अमीर खुस्रोची रचना आहे. पण गाणाऱ्याला गायचं कारण द्या. मैफल असेल, दर्गा असेल, जात्यावरची ओवी असेल. नायिका एकटी गच्चीवर गेली आणि कुठून तरी सतार वाजली, की माझ्या शेजारचा माणूस मोबाइल काढतो.

आणि सत्तावनच्या मैफिलीत पेटी ठेवू नका! हाताने भाता मारायची पेटी १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात तयार झाली. हद्दू खाँ, हस्सू खाँ हे ख्यालगायक ज्या ग्वाल्हेरात गायले तिथे साथीला सारंगी होती. सारंगीवाला मिळत नाही ही सबब मला पटत नाही. शोधला की मिळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते, कारण त्या सांगून माझं तोंड दुखलंय.

चिकटवायची टिकली नको. कुंकू मेणावर लावा. एका खासगी खेळात माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन आज्या ऐन मरणाच्या प्रसंगी “अगं, टिकली बघ” म्हणाल्या आणि तो प्रसंग तिथेच संपला. लोकांना काय कळतं, ते त्या आज्यांना विचारा.

रॉकेलचा कंदील सत्तावनच्या वाड्यात नको. समई, दिवट्या, मशाली.

बंदूक तोंडाकडून ठासायची. काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गजाने ठासायचं, मग बार. शिपाई मिनिटाला दोन-तीनच बार काढायचा. खटका ओढून धडाधड गोळ्या सोडल्या की तुम्ही हातातला ताणच फेकून देता. समोरून शत्रू पळत येतोय आणि हा अजून गज फिरवतोय, याहून जास्त श्वास रोखायला लावणारं तुम्हाला काय हवंय?

अंधार म्हणजे कला नव्हे. ‘जुनून’च्या छायाचित्रणाला, गोविंद निहलानींना, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात माणसांचे डोळे दिसतात. समईची ज्योत फ्रेममध्ये ठेवा आणि बाहेरून उबदार उजेड द्या.

मराठी पात्राच्या तोंडी प्रत्येक वाक्यात ‘अगं बाई’ घालू नका. आमच्या घरांत अजूनही आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी असते. तोच बदल उंबरठ्यावर ऐकवा, पात्र आपोआप मराठी होतं.

आणि मोडी पत्र हवं असेल तर शूटिंगच्या आठ दिवस आधी या. बोरू आणि हातकागद माझ्याकडे असतो. मजकूर तुम्ही आणा, पण तो कोण वाचणार हे आधी ठरवून आणा.