गनचे रीडिंग आणि मिलचे सर्टिफिकेट जुळत नाही तेव्हा: स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडचा वाद कसा हाताळावा

३१६ एल या ग्रेडची म्हणून मागवलेली स्टेनलेस स्टीलची प्लेट उतरवली जाते, सोबतच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर (पोलाद बनवणाऱ्या मिलने दिलेल्या रचनेच्या दाखल्यावर) सर्व आकडे योग्य असतात आणि तपासनिसाच्या हातातील एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातूची रचना मोजणारे यंत्र, मात्र मॉलिब्डेनम या घटक धातूचे प्रमाण १.९४ टक्के दाखवते. मानकानुसार ते किमान २.०० टक्के हवे. खरेदीदार लगेच माल खोटा ठरवतो आणि विक्रेता गन बिघडल्याचे सांगतो. गनचे रीडिंग हे माल थांबवण्यास पुरेसे कारण असते. माल नाकारण्यास मात्र ते एकटे क्वचितच पुरते.

म्हणून पहिले काम म्हणजे तो माल वेगळा काढून, त्यावर ‘तपासणी प्रलंबित’ अशी खूण करून कटिंग थांबवणे. प्लेट कापून तिचे भांडे बनवले की खरेदीदाराने माल स्वीकारला असे १९३० च्या माल विक्री कायद्यान्वये मानले जाऊ शकते, आणि मग माल परत करण्याऐवजी केवळ नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग उरतो. हरकत फोनवर न सांगता लेखी कळवावी. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो आणि पैसे देण्याची मुदत तेथूनच मोजली जाते.

त्यानंतर फरक कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे, कारण सगळे वाद सारख्या तोलाचे नसतात. ३०४ म्हणून आलेल्या पत्र्यात निकेल ४ टक्के आणि मँगनीज ७ टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर तो २०० सिरीजचा, म्हणजे निकेल कमी करून मँगनीज वाढवलेला माल आहे. ३०४ ला निकेल किमान ८ टक्के लागते आणि मँगनीज २ टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळे मोजणीतील कोणतीही सूट हा फरक भरून काढत नाही. वरच्या १.९४ ची गोष्ट वेगळी आहे. सर्टिफिकेटवरील आकडे सामान्यतः वितळलेल्या धातूच्या, म्हणजे हीटच्या विश्लेषणाचे असतात; तयार प्लेटच्या तपासणीसाठी एएसटीएम ए४८० या मानकामध्ये थोडी सूट दिलेली आहे आणि २.०० टक्के मॉलिब्डेनमसाठी ती ०.०५ आहे. म्हणजे प्रत्यक्ष सीमा १.९५ झाली, आणि गन स्वतःच रीडिंगपुढे ±०.०३ दाखवत असेल तर १.९४ वरून माल नापास आहे असेही म्हणता येत नाही आणि पास आहे असेही म्हणता येत नाही.

अशा वेळी दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत चाचणी पुन्हा करावी. आधी ज्ञात रचनेचा प्रमाणित तुकडा तपासून गन बरोबर वाचते आहे का ते पाहावे, नंतर प्लेटवरचा रंग, तेल, गंज किंवा वेल्डिंगचा काळपटपणा काढावा. एक्सआरएफचे किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थराचीच माहिती देतात, त्यामुळे माइल्ड स्टीलवर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क येथे वापरली तर तिचे लोखंडही मोजले जाते. वेल्डवर नव्हे, मूळ धातूवर, वेगवेगळ्या जागी आणि पुरेसा वेळ देऊन रीडिंग घ्यावीत व सर्व नोंदवावीत; सोयीचे तेवढे ठेवू नये. गनमध्ये क्ष-किरणांची नळी असते, म्हणून छोटा तुकडा बोटांत धरून तपासू नये.

गनला जे दिसतच नाही त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. एक्सआरएफ कार्बन मोजू शकत नाही, त्यामुळे माल ३१६ आहे की ३१६ एल, हे ती सांगू शकत नाही. ‘एल’ साठी कार्बन ०.०३० टक्क्यांच्या आत असावा लागतो आणि त्यासाठी ठिणगीवर चालणारी स्पेक्ट्रो चाचणी किंवा नमुना जाळून करायची कार्बन चाचणी हवी. बाजारात अजूनही लोहचुंबक लावून निकाल देणारे आहेत. थंड अवस्थेत वाकवलेले अस्सल ३०४ चुंबकाला थोडे चिकटते आणि २०० सिरीजचा साधा पत्रा चिकटत नाही, तेव्हा त्या निकालाची किंमत ओळखून घ्यावी. मॉलिब्डेनम ओळखण्यासाठी पत्र्यावर टाकतात ते लिक्विडही मॉलिब्डेनम आहे की नाही एवढेच सांगते, किती आहे ते नाही.

माझ्या मते अनेक वादांचे मूळ रसायनात नसून हीट नंबरमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला मिलने दिलेल्या क्रमांकात असते. स्टॉकिस्टने (माल साठवून विकणाऱ्या व्यापाऱ्याने) मोठी प्लेट कापली, नंबर असलेला कोपरा दुसऱ्याकडे गेला आणि उरलेल्या तुकड्यासोबत हाताशी आलेली झेरॉक्स दिली, तर सर्टिफिकेटही खरे आणि गनही खरी असू शकते. म्हणून प्लेटवरचा नंबर, चलान आणि सर्टिफिकेट एकमेकांशी ताडून पाहावे आणि शंका असल्यास सर्टिफिकेटचा क्रमांक देऊन थेट मिलकडून खातरजमा करावी.

तरीही मतभेद राहिला तर एकाच जागेतून लगतचे तीन तुकडे, शक्यतो प्लाझ्माने न कापता करवतीने, काढावेत. त्यांवर नंबर ठोकून, सीलबंद करून दोघांनी सह्या कराव्यात. एक खरेदीदाराकडे, एक विक्रेत्याकडे आणि तिसरा पंच-नमुना, म्हणजे अंतिम निर्णयासाठीचा नमुना म्हणून राखून ठेवावा. तो ज्या प्रयोगशाळेकडे जाईल तिला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता आहे एवढे पाहणे पुरेसे नाही. नेमकी ही चाचणी त्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का ते पाहावे. चाचणीची पद्धत, सूट धरून ठरणारी सीमा, खर्च कोणी द्यायचा आणि निकाल दोघांवर बंधनकारक राहील हे सर्व अहवाल येण्यापूर्वी लिहून घ्यावे, कारण अहवाल आल्यावर हरणाऱ्या पक्षाला पद्धतच चुकीची वाटू लागते.

भांडे आधीच तयार झाले असेल तर आडबाजूच्या जागी पोर्टेबल स्पेक्ट्रो करता येते, पण तिचा जळका डाग राहतो आणि तो पॉलिश करावा लागतो, म्हणून मालकाची लेखी संमती घ्यावी. निकाल विरुद्ध गेला तर माल बदलून देणे किंवा दरातील फरकाची क्रेडिट नोट देणे हे दोन्ही मार्ग खुले असतात. मात्र कमी ग्रेडचा माल वापरण्याचा निर्णय भांडे वापरणाऱ्या दुग्धशाळेने किंवा औषध कारखान्याने लेखी दिल्याशिवाय खरेदीदार व विक्रेता या मधल्या दोघांनी परस्पर घेऊ नये.