सालाचं पान फाटलेलं पुस्तक किती जुनं? एका पानात ओळखा

गावच्या वाचनालयाला कुणी पोतंभर पुस्तकं दिली की त्यात कपाशीपासून ताऱ्यांपर्यंत सगळं निघतं. पण पहिली पानं नेमकी उधईनं खाल्लेली, मग साल कळत नाही. अख्खं पुस्तक चाळत बसू नका. ज्याचं साल पक्कं ठाऊक आहे अशी एकच गोष्ट आत शोधा.

१. भूगोल: वाशीम अकोला जिल्ह्यात दाखवलं असेल तर मजकूर १९९८ च्या आधीचा. गोंदिया भंडाऱ्यात असेल तर १९९९ च्या आधीचा.

२. खगोल: ग्रह नऊ असतील तर बहुतेक २००६ च्या आधीचं. प्लुटो तेव्हाच बाद झाला.

३. कायदा: फसवणुकीला कलम ४२० लावलंय? मग मजकूर जुना; १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं.

४. शेती: एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारायला सांगितलं असेल तर जुनं, २०११ पासून त्यावर बंदी आहे. असं पुस्तक मी फवारणीसाठी कुणाच्या हाती देत नाही. मशागतीची, गांडूळखताची पानं मात्र अजून कामाची असतात, म्हणून रद्दीतही घालत नाही.

पाककृती, चरित्रं, प्रवासवर्णनं यांना ही तपासणी नकोच.

सापडलेलं साल पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं लिहा, ‘१९९८ आधी’ एवढंच. पेननं नको, जुन्या कागदावर शाई फुटते.

एक सांभाळा: साल शाबूत असलं तरी ‘पुनर्मुद्रण’ असेल तर तारीख नवी आणि मजकूर जुनाच. ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलंय का ते बघा.